जपानी पोरं गणितात हुशार ती घोकंपट्टीमुळे? नाही हो

अबॅकस आणि पाठांतर, म्हणून जपानी मुलं गणितात पुढे, हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. 1995 च्या टिम्स (TIMSS, देशोदेशीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास) व्हिडिओ अभ्यासात जर्मनी, जपान, अमेरिकेतले आठवीच्या गणिताचे 231 तास (म्हणजे पिरियड) शूट केले तेव्हा उलटंच दिसलं, जपानी मुलं नवीन गणिताशी आधी स्वतःच झटापट करत होती.

त्यामागे आहे 'जुग्यो केंक्यू', म्हणजे शिक्षकांनी मिळून एकेका तासाचा अभ्यास करणं, मुळं पार मेजी काळातली (1868 ते 1912). पहिलीला हातच्याची वजाबाकी शिकवायची तर सुरुवात 13 − 9 ने करायची का 12 − 3 ने, यावर टीम डोकं लावते, कारण 13 − 9 मध्ये मुलं 10 मधून 9 काढून उरलेल्या 1 मध्ये 3 मिळवतात आणि 12 − 3 ला सरळ मागे मोजत बसतात. मग एकजण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांच्या वह्या बघतात, कोण कुठे अडकलं ते टिपतात, आणि तास संपला की चर्चा.

आणि हो, हे इन्स्पेक्शन नाही (आपल्याकडे 'साहेब आलेत' म्हटलं की तक्ते लागतात भिंतीवर, तसलं काही नाही), तपासणी तासाची होते, बाईंची नाही.