महिलांचे पोषण शिक्षण (महाराष्ट्र)

महिलांचे पोषण शिक्षण : काय खावे, किती खावे आणि ते आपल्या घरच्या परिस्थितीत कसे जमवावे, याची समज स्त्रियांपर्यंत पोहोचवण्याचे काम. महाराष्ट्रात ते मुख्यतः अंगणवाडीच्या ओट्यावर, आशा ताईंच्या गृहभेटींत आणि बचत गटांच्या बैठकांत चालते. ‘संतुलित आहार’ हा पत्रकांतला शब्द. जुनी माणसे त्याला ‘चौरस आहार’ म्हणतात. भाकरीबरोबर डाळ आणि भाजी हवी हे बाईला सांगावे लागत नाही, कारण रोज रांधते तीच. तिच्या स्वतःच्या ताटात त्यातले काय आणि किती पडते, हा या विषयाचा गाभा आहे. ज्या शिक्षणाने या प्रश्नाला हात घातला नाही, ते भिंतीवरच्या तक्त्यापुरतेच राहिले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के होता. २०१५–१६ च्या फेरीत राज्याचा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे मधल्या काळात तो वाढला. गावात याला ‘रक्त कमी आहे’ म्हणतात, आणि बहुतेक घरांत तो आजार मानलाच जात नाही. चक्कर, धाप, पायांत गोळे हे बाईच्या जातीला असायचेच, असे धरून चालतात.

गरज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. पाळीत दर महिन्याला रक्त जाते, म्हणून हा फरक. उष्मांकांचे गणित मात्र उलटे आहे. मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला २७१० किलोकॅलरी धरतात, तर तशाच स्त्रीला २१३०. थोडक्यात, तिला कमी जेवणातून जास्त लोह मिळवायचे असते. त्यामुळे तिच्या ताटातला प्रत्येक घास पुरुषाच्या घासापेक्षा कसदार असायला हवा. घरोघरी वाढणी होते ती याच्या नेमकी उलट.

गरोदरपणात रोज आणखी ३५० किलोकॅलरी हव्यात : साधारण एक भाकरी, वाटीभर वरण आणि शेंगदाण्याचा एक लाडू. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. बाळंतिणीची गरज गरोदर बाईपेक्षा मोठी असते, हे ऐकून बैठकीत बायका हमखास चकित होतात, कारण बाळंतपण पार पडले की घराचे सारे लक्ष बाळाकडे वळलेले असते.

संस्थेने २०२४ मध्ये आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. २००० किलोकॅलरींच्या नमुना ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध-दही, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. ग्रॅमची भाषा चुलीपाशी चालत नाही. चांगली सेविका तिचे वाटी, पळी, मूठ आणि भाकरीत भाषांतर करते. तीस ग्रॅम डाळ म्हणजे शिजलेल्या घट्ट वरणाची अंदाजे एक वाटी. ताटातून वाहत जाणारे पिवळे पाणी त्यात धरायचे नाही.

वाटचाल

भारतीय अन्नाच्या अभ्यासाची सुरुवात १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूर येथे ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या छोट्या प्रयोगशाळेत झाली. १९५८ मध्ये ती हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. कोणत्या धान्यात किती प्रथिने, कोणत्या भाजीत किती लोह, ही कोष्टके तिथे तयार झाली. ती बायकांपर्यंत पोहोचायला मात्र बराच काळ जावा लागला.

महाराष्ट्रात या कामाला खरी दिशा दिली ती अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका गावात रुजेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या. आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकत आणि गावात परत जाऊन तेच आपल्या शब्दांत सांगत. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याकडे गाव बाळाच्या आहाराचा सल्ला मागू लागले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोषण हा डॉक्टरच्या खोलीतला विषय नसून शेजारणीशेजारणींतला आहे, हे जामखेडमुळे ठसले.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी एक म्हणजे १५ ते ४५ वयाच्या स्त्रियांना पोषण व आरोग्य शिक्षण. ‘अंगणवाडी’ ही कल्पना बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी मुलांच्या दारी शाळा नेण्याचा जो प्रयोग केला, त्यातून पुढे आली. सहा सेवांत आहारवाटप मोजता येते, लसीकरण मोजता येते. शिक्षणाची सेवा मोजायला अवघड, म्हणून तीच सर्वांत आधी मागे पडते. १९८२ पासून १ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह पाळला जातो. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाल्यावर अख्खा सप्टेंबरच ‘पोषण माह’ झाला.

बैठक कशी चालते

उपयोगी पडणारी बैठक प्रश्नाने सुरू होते : ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं?’ उत्तर सहसा असे येते : सकाळी चहा, दुपारी भाकरी आणि बटाटा, पुन्हा चहा, रात्री भात आणि आमटी. मग दहा वाट्या मांडतात. स्त्रियांच्या आहारातली विविधता मोजायला जगभर वापरतात तेच हे दहा गट : धान्य व कंद, डाळी, दाणे व बिया, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर-भोपळा-आंब्यासारखी पिवळी-केशरी फळे व भाज्या, इतर भाज्या, इतर फळे. ज्या गटातले काल पोटात गेले, त्या वाटीत शेंगदाणा टाकायचा. दिवसात किमान पाच वाट्या भराव्यात अशी अपेक्षा असते. वरच्या जेवणात दोनच भरतात. फोडणीवरची चिमूटभर कोथिंबीर किंवा चहातले थेंबभर दूध धरत नाहीत, कारण १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेले मोजायचे नाही. रिकाम्या वाट्यांची ओळ समोर दिसली की वेगळ्या व्याख्यानाची गरज राहत नाही.

पुढचा प्रश्न : यातली कोणती वाटी उद्या, पैसे न मोजता, भरता येईल? तीळकूट निघते, परड्यातला शेवग्याचा पाला निघतो, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, करटोली निघतात. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, हे इथे सांगितले तर लक्षात राहते. मटकीला मोड आणून दाखवतात. मोडांमुळे क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाला अडवणारे फायटिक आम्ल कमी होते. डाळ-तांदूळ एकत्र का शिजवायचे, तेही इथेच उलगडते : तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मिथिओनीन कमी, खिचडीत एकाची उणीव दुसरे भरून काढते. तिरंगा थाळी (केशरी, पांढरे, हिरवे पदार्थ) हा वाट्यांच्या खेळाचाच सोपा अवतार. लहान मुलांच्या आयांना तो चटकन कळतो, पण मोठ्या बायकांच्या बैठकीत दहा वाट्यांचा खेळ जास्त बोलका ठरतो.

लोहाच्या गोळीसाठी वेगळा वेळ द्यावा लागतो. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. पहिल्याच आठवड्यात शौचाला काळे होते, मळमळते, पोट साफ होत नाही, आणि गोळ्यांची पट्टी फडताळात जाते. काळा रंग गोळीचाच आहे, घाबरू नये, एवढे एक वाक्य आधी सांगितले असते तर कितीतरी पट्ट्या संपल्या असत्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा, हेही यातच येते. महाराष्ट्रात ही सूचना पाळायला सर्वांत कठीण.

समजुती आणि पथ्ये

‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल’ ही समजूत अजून भेटते. पपई उष्ण, अंडे उष्ण, केळे कफाचे, असे करत गरोदर बाईचे ताट आकसत जाते. अशा वेळी ‘अंधश्रद्धा’ म्हणून झिडकारणारी सेविका त्या घरात पुन्हा शिरू शकत नाही. परंपरेत घेण्यासारखेही भरपूर आहे. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखस, मेथी, बाजरीची भाकरी हा बाळंतिणीचा जुना आहार लोह, कॅल्शियम आणि उष्मांक या तिन्ही अंगांनी शहाणपणाचा आहे. डोहाळेजेवण तर तयार व्यासपीठ. अंगणवाडीतल्या ओटीभरणात ओटीत भाजी, फळे, दाणे, गूळ देतात, आणि तिथे सासूही हजर असते. सासूला वगळून सुनेला शिकवलेले घरात टिकत नाही. वाढायची पळी अजून अनेक घरांत तिच्याच हातात आहे. नवरा मात्र अशा कार्यक्रमांना क्वचितच बोलावला जातो. ही या कामातली मोठी उणीव आहे, कारण बाजाराची पिशवी त्याच्याकडे असते.

मर्यादा

ज्या घरात तूरडाळ महिन्याला किलोभर येते, तिथे ८५ ग्रॅमचा हिशेब सांगणे बोचते. म्हणून परसबागेचा आग्रह. ग्रामीण बचत गटांच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या गटांनी मोरीच्या सांडपाण्यावर अळू, शेवगा, वाल, पालक लावण्याची मोहीम राज्यभर चालवली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेली देशी वाणांची बियाणी अशा वाफ्यांसाठी मोलाची आहेत. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. शहरांत चित्र वेगळे. राज्यात साधारण पाचांतली एक स्त्री कृश आहे आणि चारांतली जवळपास एक जादा वजनाची. वडापाव-बिस्किटांवर दिवस काढणारी कामकरी बाई जाड असूनही रक्तक्षयी असू शकते. तिच्यासाठी वेगळा पाठ हवा. तो अजून नीट बांधला गेलेला नाही. सेविकेवरचा भारही मोठा : वजने, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती, सर्वेक्षणे. यातून उरलेल्या वेळात ती शिकवते.

आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे चौरस जेवण दिले जाते : भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, लाडू, आणि अंडे किंवा केळी. अंगणवाडीतून घरी नेलेले आहाराचे पाकीट साऱ्या घरात वाटले जाते आणि तिच्या वाट्याला चमचाभर येते, हा घरपोच आहाराचा अनुभव होता. म्हणून हे ताट तिथेच मांडतात. पंगतीत बसलेली बाई आधी जेवते, गरम जेवते, आणि तिच्या ताटातले तीच खाते.