कंपाउंडला ‘डायरेक्ट’ करंट आम्ही का जोडत नाही

ग्रिल, कुलपं, कॅमेरे आणि कंपाउंडच्या तारेला लावायचं झटका मशीन आमच्याकडून घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. बेळगावातलं अनगोळ असो, हिंडलगा असो, नाहीतर खानापूरकडचं मळ्यातलं घर असो, तार ओढून होत आली की एक प्रश्न हमखास येतो : “एवढी तार ओढलीच आहे, तर रात्रीपुरता घरातला फेज जोडून द्या की. हात लावेल तो बसेल चिकटून.” हाच तो ‘डायरेक्ट’ करंट : मधे मशीन न ठेवता घरातली चालू वायर (फेज) थेट तारेला. लग्नसराईत, गावच्या लक्ष्मी यात्रेच्या आधी, सौंदत्तीला जायच्या दिवसांत असं विचारणारे वाढतात. आयुष्यभराची कमाई कपाटात आणि घराला कुलूप, म्हटल्यावर जीव टांगणीला लागणारच. तरीही हे काम आम्ही करत नाही. दुप्पट मजुरी देऊ केली तरी नाही. कारण दर वेळी शिडीवर उभं राहून समजावण्यात आमच्या पोरांचा अर्धा दिवस जातो, म्हणून एकदाच नीट लिहून देतो.

झटका मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. तारेत काही हजार व्होल्ट सोडतं, पण साधारण सेकंदाला एकदा आणि क्षणाच्याही बारीक अंशापुरतं. ‘टक्, टक्’ आवाज येतो तो त्याचाच. झटका सणसणीत बसतो, माणूस हात मागे घेतो, आणि दोन झटक्यांच्या मधे हात सोडवायला सवड मिळते. घरातला २३० व्होल्टचा करंट अखंड वाहतो. मुठीचे स्नायू आवळले जातात आणि तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही. त्यात जून-जुलैत आपल्याकडे भिंती आठ-आठ दिवस ओल्या असतात.

“एमसीबी आहे की, लगेच पडेल,” असं बरेच जण बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचबद्दल म्हणतात. पडत नाही. घरातली एमसीबी सहा, दहा, सोळा अँपिअरची असते, तिचं काम वायर जळू न देणं. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी करंट पुरतो. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच, लागते. ती घरात बसवाच, पण तिच्या भरवशावर तारेला फेज जोडायचा नाही.

शिवाय त्या तारेला हात कुणाचा लागतो? पहाटे दूध घालणाऱ्या पोराचा, मीटर बघायला आलेल्या वीज कंपनीच्या (हेस्कॉमच्या) माणसाचा, चेंडू आणायला भिंतीवर चढलेल्या शेजारच्या मुलाचा. गल्लीतली गाय तर रोज घासून जाते.

कोर्टाने याचा निकाल फार पूर्वी देऊन ठेवला आहे. बिहारमध्ये एकाने शेजारच्या बाईने आपला संडास वापरू नये म्हणून तिथे जायच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून करंट सोडला होता. तिच्या घरच्या संडासाची भिंत पडली होती म्हणून ती तिथे जात होती. त्या तारेने बाई दगावली. ‘ती परवानगीशिवाय आली होती, माझ्या मालमत्तेचं रक्षण करायचा मला हक्क आहे,’ हा बचाव १९६३ साली सुप्रीम कोर्टाने मानला नाही आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. परवानगीशिवाय आला म्हणून माणसाच्या जिवाची किंमत संपत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य असं त्या खटल्याचं नाव, कुठलाही वकील काढून देईल. तेव्हा तुरुंगात घरमालक जाणार, आणि तार ज्याने जोडली त्यालाही पोलिस सोडणार नाहीत. आमच्या पोरांनाही घरदार आहे.

मग चोर आला तर हात बांधून बसायचं का? अजिबात नाही. स्वतःच्या, घरच्यांच्या, अगदी शेजाऱ्याच्याही जिवाचं आणि मालाचं रक्षण करायचा हक्क कायद्यानेच दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ याचीच आहेत (जुन्या दंडसंहितेत ९६ ते १०६). शिनोळी-चंदगडकडचे ग्राहक विचारतात, तिकडे महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे का? नाही, दोन्हीकडे संहिता एकच.

हक्क मोठा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी कुणी घर फोडून आत शिरत असेल, जबरी चोरी करत असेल, राहत्या घराला आग लावत असेल, किंवा चोरी अशा परिस्थितीत चालली असेल की आपण गप्प बसलो तर जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटावी, तर प्रतिकारात चोराचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. कलम ४१ तेच सांगतं. पण त्याला कलम ३७ ची वेसण आहे : बचावापुरती जेवढी इजा लागेल तेवढीच करायची, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही.

म्हणजे दिवसाढवळ्या अंगणातली सायकल किंवा पाण्याची मोटर उचलून पळणाऱ्याला अडवा, पाठलाग करा, धरा, माल सोडवून घ्या. डोक्यात पहार घालायची नाही. माल टाकून तो पळाला, किंवा हाती सापडला, की बचाव संपला. त्यापुढे खांबाला बांधून मारलेली प्रत्येक काठी हा तुमचा गुन्हा, आणि मारणारी पाच-पन्नास माणसं असली तरी प्रत्येकाचा. डोळ्यांदेखत चोरी करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, मात्र विनाकारण उशीर न करता, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. कायदा समोर उभ्या असलेल्या चोराशी झुंजायला परवानगी देतो. आपण झोपेत असताना येईल त्याला मारणारा सापळा लावून ठेवायला देत नाही. तार चोर ओळखत नाही, आणि किती मारायचं हेही तिला कळत नाही.

आता खऱ्या कामाचं. फोडलेल्या दारावर नवीन कुलूप बसवायला आम्ही जातो तेव्हा जुनं कुलूप बहुतेक वेळा धडधाकट असतं, तुटलेला असतो कोयंडा. चोर कुलपाशी झटत बसत नाही. कटावणी कोयंड्यामागे सारतो आणि एक हिसका देतो. कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूंवर बसवलेला. आपल्याकडच्या पावसात चौकट फुगते, उन्हाळ्यात आकसते, स्क्रूची भोकं सैल होतात. आजच घरी गेल्यावर कोयंडा बोटांनी धरून हलवून बघा. हलत असेल तर महागाचं कुलूप लावून उपयोग नाही. दारातून आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट घाला, आतून पट्टी, वॉशर आणि नट आवळा, म्हणजे बाहेरून पकडायला काही राहत नाही. तासाभराचं काम आहे आणि झटका मशीनच्या मानाने खर्च किरकोळ. आमची विक्री कमी झाली तरी आधी आम्ही हेच सुचवतो. त्यातही कुलूप बाहेर लोंबणार नाही असं आतलं लॉक उत्तम, कारण लोंबणारं कुलूप घरात कुणी नाही हे गल्लीभर सांगतं. परसदाराकडे तर कुणी बघतच नाही. पुढे सागवानी दार आणि मागे पत्र्याचं, अशी घरं शहापूर-वडगावात आम्ही रोज बघतो. कौलारू घर असेल तर निदान कपाटाच्या खोलीला आतून जाळी मारून घ्या.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच : डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. माळ्यावर बंद पेटीत ठेवा, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, आणि पासवर्ड घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या.

रात्री चाहूल लागली तर दार उघडून बाहेर जाऊ नका. सगळे दिवे लावा, मोठ्याने हाका मारा, ११२ ला फोन करा. चोरी झालेली असेल तर काही हलवू नका, पुसू नका. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. सही करण्याआधी ती वाचून दाखवायला सांगा आणि मराठीत समजावून घ्या. दागिन्यांची वजनं, मोबाईलचा नंबर बरोबर उतरलाय का बघा. वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत फुकट देणं कायद्यातच आहे.

शेवटी मशीनबद्दल. ‘झटका कमी झाला’ म्हणून येणाऱ्या बहुतेक फोनांमागे दोनच कारणं निघतात. पावसाळ्यात गवत-वेली तारेला टेकतात आणि झटका जमिनीत उतरतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईजवळची माती कोरडी पडते. ग्राहकाला वाटतं मशीन फसवं आहे, आणि तो कुणालातरी धरून तारेला डायरेक्ट फेज जोडून टाकतो. मग आमचा पोरगा दुरुस्तीला जातो तो त्याच तारेवर. म्हणून आता आमची माणसं आधी मेन स्विच बंद करायला लावतात, टेस्टर लावून बघतात, मगच तारेला हात घालतात. त्यात वेळ जातो, त्यांच्यावर रागावू नका. डायरेक्ट जोडणी सापडली तर आम्ही ती काढतो, येण्या-जाण्याची मजुरी घेतो, आणि मशीनची वॉरंटी तिथेच संपते. कन्नड-मराठी सूचनेची पाटी मशीनसोबत आम्ही फुकट देतो. ती रस्त्यावरून दिसेल अशी लावा.

फोन करण्याआधी तारेखालचं गवत कापा, सळईच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओता आणि ‘टक्, टक्’ ऐकू येतंय का बघा. तरीही झटका बसला नाही तर कळवा. वॉरंटीतल्या मशीनची तपासणी मोफत आहे.