किरण कोणत्या दिशांनी सोडायचे?

घशाच्या कर्करोगावर रेडिएशन द्यायचे ठरले, की गाठीच्या भागासाठी बहुधा ६६ ते ७० ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा ठरवली जाते आणि ती सहा-सात आठवड्यांत थोडी थोडी करून दिली जाते. त्या गाठीपासून काही सेंटिमीटरवर मज्जारज्जू असतो, ज्याला साधारणपणे ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जाऊ देत नाहीत. दोन्ही कानांपुढच्या पॅरोटिड लाळग्रंथींना सरासरी २५ ग्रेहून फार जास्त मात्रा मिळाली, तर तोंड कायमचे कोरडे पडण्याचा धोका वाढतो. कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही, दात किडू लागतात, रात्री घशाला कोरड पडून झोपमोड होते. गाठ बरी झाल्यावरही रुग्णाला हे सोसावे लागते, म्हणून ते टाळण्यासाठी केलेली प्रत्येक खटपट मला मोलाची वाटते.

मूळ अडचण क्ष-किरणांच्या स्वभावातच आहे. ते गाठीपाशी थांबत नाहीत. नेहमीच्या ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) किरणांची मात्रा त्वचेखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर सर्वाधिक असते, दहा सेंटिमीटर खोलीवर ती अंदाजे दोन तृतीयांश उरते आणि उरलेले किरण शरीराच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. म्हणून किरण तयार करणाऱ्या लिनॅक यंत्राची गॅन्ट्री, म्हणजे त्याचा फिरता हात, रुग्णाभोवती फिरवून पाच, सात किंवा नऊ दिशांनी किरण सोडतात, म्हणजे ते एकत्र येतात ते फक्त गाठीवर. आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता बदलत देण्याच्या पद्धतीत तर प्रत्येक झोत शेकडो बारीक शलाकांमध्ये विभागून प्रत्येक शलाकेची तीव्रता वेगळी ठेवता येते.

या तीव्रता ठरवण्याचे गणित आज चांगलेच हाताशी आले आहे. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये अँडर्स ब्राह्मे यांनी प्रश्न उलट्या बाजूने मांडला: किरण दिल्यावर मात्रा किती पडते हे मोजण्याऐवजी हवी ती मात्रा आधी सांगायची आणि किरणांची तीव्रता गणिताने शोधायची. सीटी स्कॅनवरून शरीराचे लक्षावधी छोटे घन पाडले, तर प्रत्येक घनातली मात्रा ही सर्व शलाकांच्या योगदानांची साधी बेरीज असते. गाठीत मात्रा कमी पडली किंवा निरोगी अवयवात जास्त झाली, तर त्या फरकाच्या वर्गाइतका दंड लावायचा आणि एकूण दंड किमान करायचा. दिशा आधीच ठरलेल्या असतील, तर अशा दंडाला कढईसारखा एकच तळ असतो. संगणक कुठूनही निघाला तरी तिथेच पोहोचतो.

दिशा निवडायला गेले, की ही सोय संपते. दर दहा अंशांना एक अशा ३६ दिशांमधून ७ निवडायच्या, तर ८३,४७,६८० पर्याय होतात. प्रत्येकाला एक मिनिट दिले तरी सुमारे सोळा वर्षे लागतील, आणि रुग्णाचे उपचार तर काही दिवसांत सुरू व्हायला हवेत. शिवाय एखादी दिशा स्वतंत्रपणे चांगली किंवा वाईट नसते, तिची किंमत सोबतच्या दिशांवर ठरते. एकटी असताना सर्वांत चांगली ठरणारी दिशा उत्तम जोडीत नसेलही. म्हणून एकेक दिशा जोडत जाण्याची पद्धत झटपट असली, तरी ती मधल्याच एखाद्या खळग्यात अडकू शकते. प्रत्येक दिशेला शून्य किंवा एक असा चलांक देऊन नेमके उत्तर शोधता येते, पण त्याला वेळ फार लागतो. त्यामुळे अधूनमधून वाईट पर्यायही स्वीकारून पुढे सरकणाऱ्या यादृच्छिक शोधपद्धती वापरल्या गेल्या.

या शोधातून हाती आलेल्या काही गोष्टी उपचारांचा आराखडा आखणाऱ्या अनुभवी नियोजकालाही चकित करतात. लाळग्रंथीतून जाणारी दिशा टाळलीच पाहिजे असे नाही, कारण नेमक्या त्या शलाकांची तीव्रता उतरवता येते. समोरासमोरच्या दोन दिशा बहुतांशी एकाच रेषेतल्या ऊतींवर भार टाकतात, म्हणून समान अंतरावरचे झोत सहसा विषम संख्येत घेतात. जर्मनीतील बोर्टफेल्ड आणि श्लेगेल यांनी १९९३ मध्ये दाखवले, की झोतांची संख्या वाढली की उत्तम मांडणी समान अंतराकडे झुकते. नऊ झोत असतील, तर दिशांच्या शोधातून फायदा थोडाच होतो, आणि गॅन्ट्री फिरत असतानाच किरण देणाऱ्या व्हीमॅट पद्धतीने हा प्रश्न गॅन्ट्री फिरते त्या एका प्रतलापुरता बराच सौम्य केला आहे. मेंदू, यकृत किंवा फुप्फुसातल्या गाठीसाठी टेबलही वळवून प्रतलाबाहेरच्या दिशा घेतल्या, की मात्र पर्याय पुन्हा प्रचंड वाढतात. त्यांतून गॅन्ट्री टेबलाला किंवा रुग्णाला धडकेल अशा दिशा आधीच वगळाव्या लागतात.

क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचे झोत वापरणाऱ्या प्रोटॉन उपचारात दिशेचे महत्त्व आणखी वाढते. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील संस्थेत हे उपचार उपलब्ध आहेत. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, म्हणून दोन-तीन झोत पुरतात, पण ते नेमके कुठे थांबतील याच्या अंदाजात काही टक्के चूक राहतेच. नाकाशेजारच्या पोकळीतून झोत नेला आणि ती उपचारांच्या काळात द्रवाने भरली, तर प्रोटॉन अलीकडेच थांबतात आणि गाठीचा मागचा भाग मात्रेविना राहतो. मज्जारज्जूच्या अगदी अलीकडे थांबणारा झोत थोडा पुढे सरकला, तर मात्रा थेट मज्जारज्जूवर पडते. त्यामुळे इथे कागदावर सर्वांत कमी दंडाचा आराखडा आपोआप निवडला जात नाही. रुग्ण काही मिलिमीटर सरकला, प्रोटॉनांचा पल्ला थोडा चुकला, अशा अनेक शक्यता धरून प्रत्येक आराखडा पुन्हा तपासतात आणि सर्वांत वाईट परिस्थितीतही गाठीला पुरेशी मात्रा देणाऱ्या दिशा निवडतात.