भूकंप नसतो तेव्हा सिस्मोमीटर काय टिपतो?

२०१३ च्या जुलैमधली गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन शहराला जमिनीखालच्या गरम पाण्यावर घरं उबदार ठेवायची होती, म्हणून त्यांनी जवळपास साडेचार किलोमीटर खोल बोअर मारलं. १४ जुलैला टेस्ट म्हणून त्यात १७५ घनमीटर पाणी सोडलं, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे सतरा-अठरा टँकर, फार काही नाही. बारीकसारीक भूकंप झाले, ते होणार हे धरलेलंच होतं. पण १९ तारखेला खालून अचानक गॅस बोअरमध्ये घुसला आणि प्रेशर चढायला लागलं, ते दाबायला वरून पाणी आणि जड चिखल पंप करावा लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३.५ तीव्रतेच्या धक्क्याने अख्खं शहर जागं झालं.

नंतर भूकंपशास्त्रज्ञ अ‍ॅन ओबरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोअरच्या आसपासच्या सिस्मोमीटरची, म्हणजे जमिनीची बारीक हालचाल टिपणाऱ्या यंत्रांची, रेकॉर्डिंग्ज परत काढली. त्यांनी भूकंप बाजूला ठेवले आणि दोन भूकंपांच्या मधली जी सततची थरथर असते, जिला सगळे नॉइज म्हणून सोडून देतात, ती तपासली. त्यात दिसलं की पाणी सोडलं तेव्हापासूनच, म्हणजे गॅस यायच्या चार-पाच दिवस आधीपासून, नेमका बोअरच्या तळाजवळचा खडक बदलायला लागला होता. नुसते बारीक भूकंप मोजून हे इतक्या लवकर कळलं नसतं.

मला हे सगळं प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण जिओथर्मल, म्हणजे जमिनीखालची उष्णता वापरणाऱ्या, प्रोजेक्टवर लक्ष ठेवायचं म्हणजे भूकंप मोजायचे असंच अजून बहुतेक ठिकाणी चालतं. पण भूकंप कधी होतो, तर खडक सरकला की. त्याआधी भेगांमध्ये पाणी शिरतं, दाब वाढतो, खडक हळूहळू फुगतो, गॅस मोकळा होतो, आणि यातलं बरंचसं अजिबात आवाज न करता होतं.

मग ही थरथर येते कुठून? मुख्य म्हणजे समुद्रातून. समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींवर आल्या की त्यांचा दाब थेट समुद्राच्या तळापर्यंत जातो आणि तळ साधारण ५ ते १० सेकंदांच्या लयीत हलत राहतो, ती हालचाल शेकडो-हजारो किलोमीटर आत जमिनीत पसरते, म्हणून समुद्र नसलेल्या स्वित्झर्लंडमध्येसुद्धा ती रात्रंदिवस असते. त्याहून जलद थरथर माणसांची, म्हणजे ट्रेन, ट्रक, कारखाने. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही माणसांची थरथर जगभर इतकी कमी झाली की ती घट सिस्मोमीटरवर सरळ दिसत होती.

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, आवाज बद्द आला की समजायचं तडा आहे. इथे टिचक्या समुद्र मारतोय, आपण फक्त ऐकायचं. अडचण एवढीच की टिचकी कधी आणि कुठून मारली ते माहीत नसतं. यावर उपाय असा की दोन सिस्मोमीटर घ्यायचे, दोघांची बरेच तास किंवा दिवसांची रेकॉर्डिंग्ज घ्यायची आणि एक दुसऱ्यावर सरकवत सरकवत किती वेळाच्या फरकाने ती जुळतात ते बघायचं. याला क्रॉस-कोरिलेशन म्हणतात. पहिल्या सिस्मोमीटरवरून दुसऱ्याकडे गेलेल्या लहरी तेवढ्या या जुळवणीत टिकतात, बाकीचा गोंधळ एकमेकांना कापून टाकतो, आणि शेवटी हातात जे येतं ते असं असतं की जणू पहिल्या सिस्मोमीटरच्या जागी छोटा भूकंप झाला आणि दुसऱ्याने तो टिपला. मला तरी भूभौतिकीतली ही सगळ्यात सुंदर युक्ती वाटते. २००५ मध्ये याच पद्धतीने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जमिनीखालचा नकाशा बनवला होता, भूकंपाची वाट न बघता.

आता हेच रोज करायचं आणि आजची लहर कालच्या लहरीशी ताडून बघायची. त्यातही सरळ आलेली पहिली लहर सोडून मागची शेपटी बघायची, कारण शेपटीतल्या लहरी खडकात इकडेतिकडे आपटत, फिरत फिरत आलेल्या असतात आणि खडकातला छोटा बदलही त्या प्रवासात साठत जातो. खडकातला लहरींचा वेग ०.१ टक्क्याने कमी झाला तर ४० सेकंदांनी येणारी लहर ०.०४ सेकंद उशिरा येते, आणि एवढा उशीर आरामात मोजता येतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या ज्वालामुखीत उद्रेकाच्या आधी असेच बारीक बदल सापडले होते, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंट गालेनमध्ये मात्र खूण वेगळी होती, तिथे लहरीचा आकारच पूर्वीच्या आकाराशी जुळेनासा झाला, म्हणजे वाटेत काहीतरी नवीन आलं होतं.

स्वित्झर्लंडमध्येच बाझेलला डिसेंबर २००६ मध्ये ५ किलोमीटर खोल बोअरमध्ये पाणी दाबल्यावर ३.४ चा धक्का बसला आणि पुढे प्रोजेक्टच बंद झाला. तिथल्या नॉइजमध्येही नंतर खडकातला असा भूकंपाविना झालेला बदल सापडला. पाणी आणि भूकंप यांचं नातं महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घराघरात माहीत आहे.

ही पद्धत रामबाण नाही हेही सांगायला हवं. समुद्र उन्हाळ्यात वेगळा असतो आणि हिवाळ्यात वेगळा, त्यामुळे टिचकीच बदलते आणि खडक बदलला असं उगाच वाटू शकतं. पाऊस पडून भूजल वाढलं तरी वेग बदलतो. शिवाय या लहरींना वरच्या थरातलं जास्त आणि चार-पाच किलोमीटर खालचं कमी कळतं, आणि स्वच्छ उत्तरासाठी बऱ्याच वेळाची सरासरी घ्यावी लागते, म्हणून तासाभरात होणारी गोष्ट निसटू शकते. सेंट गालेनचं विश्लेषणही सगळं घडून गेल्यावर झालेलं आहे, त्या आठवड्यात ते कोणाच्या स्क्रीनवर नव्हतं.

आणि म्हणूनच सिस्मोमीटर बोअर मारायच्या आधी लावले पाहिजेत, निदान एक अख्खं वर्ष आधी, म्हणजे ऋतूंचा आणि पावसाचा चढउतार कळेल आणि तो वजा करता येईल. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात ओएनजीसीने जिओथर्मल वीज प्रकल्प हातात घेतला आहे, उद्या कोणी कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडीच्या गरम झऱ्यांपाशीही खोल बोअर मारायचा विचार करेल. बोअरच्या खर्चापुढे दहा-पंधरा सिस्मोमीटरचा खर्च किरकोळ आहे, त्यांची तरतूद पहिल्याच बजेटमध्ये असावी आणि त्यांचा डेटा गावकऱ्यांनाही बघता यावा.