तुरुंग फोडणारे दादा

सांगलीत कृष्णाकाठी वसंतदादा पाटलांची समाधी आहे. संध्याकाळी तिकडं फिरायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना विचारलं तर दादा म्हणजे साखर कारखाना आणि मुख्यमंत्री, एवढंच सांगतात. पण ह्याच नदीच्या दिशेनं दादा एकदा जीव मुठीत धरून पळाले होते, मागनं पोलिसांच्या गोळ्या येत होत्या, आणि ते माहीत नसेल तर पुढचं राजकारण नीट कळतच नाही असं मला वाटतं.

जन्म १३ नोव्हेंबर १९१७, गाव पद्माळे, सांगलीच्या अगदी शेजारी. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. शाळा सातवीपर्यंत.

१९४२ ला चले जाव सुरू झालं आणि दादा भूमिगत झाले. तारा तोड, रेल्वे अडव, हत्यारं जमव असली कामं. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, आणि आजूबाजूच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं समांतर सरकार, उभं राहत होतं, म्हणजे सगळा मुलूखच पेटलेला. १९४३ ला दादा पकडले गेले आणि त्यांना गणेशदुर्ग ह्या सांगलीतल्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं. २४ जुलै १९४३, दिवसाढवळ्या, दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहाऱ्यावरच्या बंदुका हिसकावल्या, तट चढून खंदकात उड्या टाकल्या आणि नदीकडं धूम ठोकली. पावसाळा, कृष्णेला पूर. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव त्या दिवशी हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली, परत पकडले गेले, ते सुटले थेट १९४६ ला. ह्या दोघांची नावं दादांच्या नावाबरोबर घेतलीच पाहिजेत, आणि ती फार कमी घेतली जातात ह्याचं वाईट वाटतं.

१९५२ ला दादा सांगलीतून आमदार झाले. खरं मोठं काम मात्र सहकाराचं. नगर जिल्ह्यात प्रवरेला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला होता, तेच सांगलीत करायचं दादांनी मनावर घेतलं. उसवाला तोवर गुऱ्हाळ आणि व्यापारी ह्यांच्यावरच अवलंबून, अडतीत काय भाव निघेल तो मुकाट घ्यायचा. अशा माणसानं शेअर्सला पैसे काढून द्यायचे म्हणजे साधी गोष्ट नव्हती, पण मागणारा माणूस छातीवर गोळ्या झेलायला तयार झालेला होता, लोकांनी विश्वास टाकला तो त्याच्यावर.

पदांचं थोडक्यात सांगतो. १९७२ ला पाटबंधारे मंत्री, १९७६ ला मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून बाहेर, दादांनी राजकारण संन्यासच जाहीर केला आणि वर्षभरात, १९७७ ला, स्वतः मुख्यमंत्री. जुलै १९७८ ला शरद पवार बाहेर पडले आणि सरकार गेलं. १९८३ ला परत मुख्यमंत्री, १९८५ ला राजीनामा, मग राजस्थानचे राज्यपाल. १ मार्च १९८९ ला गेले.

ह्यातला १९८३ चा एक निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी. त्याआधी सीट मिळाली नाही की आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. फी परवडेना, शिक्षणाचा धंदा झाला ही टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे, मी नाकारत नाही. पण शेतकऱ्याच्या घरातली पहिली इंजिनिअर पिढी त्याच कॉलेजांतनं बाहेर पडली, आणि त्या कॉलेजांना परवानगी देणारा माणूस सातवी शिकलेला होता.