तुळशीच्या कुळातले लाल तुरे

हिवाळ्यात आपल्याकडील उद्यानांत आणि कचेऱ्यांच्या आवारांत लालभडक तुऱ्यांचे जे ताटवे दिसतात, ते बहुधा साल्व्हियाचे असतात. मूळची ब्राझीलची ही वनस्पती आपल्या तुळशीची आणि पुदिन्याची नातलग आहे, हे तिचे कोवळे खोड दोन बोटांत धरून फिरवले की कळते: खोड गोल नसून चौकोनी असते आणि पाने समोरासमोर जोडीने येतात.

तुऱ्यावर जो लाल रंग दिसतो, तो सगळा पाकळ्यांचा नसतो. घंटेच्या आकाराचा निदलपुंजही, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरणही, लालच असते. त्यातून बाहेर आलेला नळीदार दलपुंज, म्हणजे जुळलेल्या पाकळ्या, काही दिवसांत गळतो, पण निदलपुंज टिकून राहिल्यामुळे तुरा भरलेला वाटतो. ब्राझीलमध्ये या नळीतला मध हमिंगबर्ड पितात. आपल्याकडे तो पाहुणचार शिंजीर घेतात.

साल्व्हियाच्या ज्या जाती मधमाश्यांवर विसंबतात, त्यांच्या फुलांत याहून चतुर योजना असते. फुलात दोनच पुंकेसर असून प्रत्येक पुंकेसर सी-सॉच्या फळीसारखा मध्यावर तोललेला असतो. मधासाठी आत डोके घालणारी माशी खालचे टोक ढकलते, तसे वरचे टोक खाली वाकते आणि परागकण तिच्या पाठीवर टेकवते. जर्मन निसर्गअभ्यासक स्प्रेंगेल यांनी 1793 साली ही रचना वर्णन केली. मला तरी बागेतले यंत्र म्हणून ती कुठल्याही कारंज्यापेक्षा अधिक पाहण्यासारखी वाटते.

लागवड पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी. या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. त्या मातीत खोल पुरल्या की बरेचदा उगवतच नाहीत आणि दोष बियाणे विकणाऱ्याला दिला जातो. भुसभुशीत, ओलसर मातीवर बी पसरून हलकेच दाबले म्हणजे पुरे. साधारण दोन आठवड्यांत रोपे दिसू लागतात. या वयात पाणी साचले तर ती बुडाशी कुजून आडवी होतात, म्हणून वाफ्याचा किंवा कुंडीचा निचरा चांगला हवा.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. शेंड्यात तयार होणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकामुळे खालचे डोळे दबून राहिलेले असतात. शेंडा गेला की वरच्या जोडीच्या दोन्ही बगलांतून फांद्या फुटतात आणि एका तुऱ्याच्या जागी दोन येतात. फुले थोडी उशिरा येतात, पण झाड डेरेदार होते.

सुकलेले तुरे वेळच्या वेळी कापले, तर नवे येत राहतात. बी हवे असल्यास एक-दोन तुरे मात्र राखावेत. वाळलेल्या घंटेच्या तळाशी जास्तीत जास्त चार गडद दाणे सुटे बसलेले असतात; घंटा जरा कलली की ते मातीत सांडतात, त्यामुळे तुरा कापण्याआधीच त्यावर कागदी पिशवी चढवलेली बरी.