मुलांना घेऊन परदेशी निघताय? तिकिटाआधी मुलांचा पासपोर्ट उघडा

दिवाळी झाली की सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या सहलींच्या ऑफिसात फोन सुरू होतात. "मे महिन्यात चौघं जण सिंगापूर, किती पडेल?" आम्ही म्हणतो, आधी चौघांच्या पासपोर्टचे फोटो पाठवा. काहींना ते आवडत नाही. "आकडा तर सांगा, कागद कुठं पळून जातात?" म्हणून हे पत्रक.

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, लहान मुलांचा पाचच. घरातल्या सगळ्यांचे एकदमच काढलेले असतात, एकाच पिशवीत कपाटात असतात. वडील स्वतःचा उघडून तारीख बघतात आणि सगळ्यांचीच मुदत आहे असं धरून तिकिटं काढतात. त्यातून सिंगापूर, थायलंड, मलेशिया, दुबई इथं जाताना पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक लागतात. म्हणजे मुलांचा पासपोर्ट फिरायला खरा साडेचार वर्षंच उपयोगी. आम्ही हे सहा महिने परतीच्या तारखेपासून मोजतो, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये विजापूर रोडवरचं एक कुटुंब तिकिटं ऑनलाइन काढून फक्त व्हिसासाठी आमच्याकडे आलं. धाकट्याच्या पासपोर्टवर सव्वा वर्षाच्या बाळाचा फोटो होता आणि तो मुलगा समोरच्या खुर्चीवर उभा राहून पंख्याचं बटण दाबत होता. मुदत जुलैपर्यंत, विमान 9 मेचं. नवा पासपोर्ट करायला घेतला तर मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि आईच्या पासपोर्टवर सासरचं. ते जुळवता जुळवता तारीख निघून गेली. तिकिटं सवलतीची होती, परत मिळाले ते थोडे कराचे पैसे. आई काही बोलली नाही, नुसती पासपोर्ट पिशवीत भरत राहिली. तेव्हापासून पासपोर्ट बघितल्याशिवाय आम्ही कुणाकडूनही ॲडव्हान्स घेत नाही.

मुलाच्या पासपोर्टचं साधं शुल्क 1000 रुपये, तत्काळला 2000 जास्त. दोन्ही पालकांच्या सहीचं ॲनेक्शर डी, म्हणजे मुलाच्या पासपोर्टसाठीचं पालकांचं घोषणापत्र, लागतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बाळांना जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो. दाखल्यावर बाळाचं नाव घातलेलं नसेल तर आधी ते घालून घ्या. नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा असतो, म्हणून व्हिसा आणि तिकीट त्यानंतरच.

पासपोर्टवर नुसतं नाव आहे, आडनावाची जागा रिकामी आहे, असं असेल तर दुबईचा विचार करण्याआधी आम्हाला सांगा. एकाच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही, असं यूएईने 2022 मध्ये जाहीर केलं आहे. मूल एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असू द्या. आणि बाळाला सहलीतच दोन वर्षं पूर्ण होत असतील तर येताना त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. हे आम्ही बुकिंग करतानाच बघतो.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी या देशांत जरूर न्या, मुलं तिसऱ्या दिवशी तेच मागतात. खसखस मात्र कशातही नको, अनारशावरसुद्धा नाही. दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडं तिच्यावर बंदी आहे. सिंगापूरला तंबाखू आणि च्युइंगम घरीच ठेवा.

विमान मुंबईहूनच असतं असं नाही. सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ पडतं. मुलं लहान असली तर आम्ही तिथलेही दर काढून देतो.

बिलातल्या टीसीएसबद्दल, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर आधीच घेतल्या जाणाऱ्या कराबद्दल, नेहमी विचारणा होते. ती रक्कम आम्हाला राहत नाही, तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होते आणि विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळती करून घेता येते. दोन कोटेशन शेजारी ठेवाल तेव्हा ती धरली आहे की वगळली आहे ते बघा, मग आमचा दर तुम्हाला जास्त वाटणार नाही.

ऑफिसात येताना सगळ्यांचे पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि आईवडिलांचे आधार घेऊन या. बुकिंग दुसरीकडं करणार असाल तरी या, कागद तपासायचे आम्ही पैसे घेत नाही. मे महिन्याच्या सहलीसाठी डिसेंबरात आलात तर पासपोर्ट नव्यानं करायलाही वेळ हातात राहतो. रविवारी दुपारी दोनपर्यंत ऑफिस उघडं असतं.